भिंतीवरचा हिशेब : रुग्णालयातील कथाफलक आणि गुणवत्तेची सांघिक साधना
(व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही रुग्णालयात प्रवेश केला की भिंतीवर अनेक पाट्या दिसतात. एक पाटी शांतता राखण्याची विनंती करते, दुसरी देणगीदारांची नावे सांगते, तिसरी तपासण्यांचे दर दाखविते. परंतु गेल्या काही दशकांत जगातील पुष्कळ रुग्णालयांच्या भिंतींवर आणखी एका प्रकारचा फलक दिसू लागला आहे. त्यावर साधारणपणे असा मजकूर असतो : आमच्या विभागात अमुक एक उणीव होती. ती मोजली तेव्हा इतकी भरली. ती का होती याचा शोध आम्ही सर्वांनी मिळून घेतला. त्यानंतर अमुक बदल करून पाहिला. पहिला प्रयत्न फसला, दुसरा साधला, आणि आज ती उणीव इतकी उरली आहे. या फलकास इंग्रजीत ‘स्टोरीबोर्ड’ म्हणतात. मराठीत त्यास ‘कथाफलक’ म्हणणे सोयीचे ठरेल.

स्वतःच्या उणिवेची अशी जाहीर कबुली देणे व्यवहारी मनाला प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कोणताही दुकानदार डागी तागा दर्शनी काचेत मांडून ठेवीत नाही. मग जेथे माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे त्या रुग्णालयाने आपला दोष भिंतीवर का लावावा? या एका प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

सत्य हाती आले, पण पोहोचले नाही

या विषयाची सुरुवात फलकापासून न करता, फलक नसल्यामुळे काय घडले यापासून करणे उचित होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्या विभागात सुईणी शिकत. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात शंभरातील सुमारे दहा माता बाळंतज्वराने दगावल्या. दुसऱ्या विभागात हे प्रमाण शंभरात सुमारे चार होते. इमारत एक, शहर एक, हवापाणी एक, तरीही एवढी तफावत. पहिल्या विभागात आपली भरती होऊ नये म्हणून स्त्रिया गयावया करीत असत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने या तफावतीचा पिच्छा पुरविला. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याच्या एका सहकारी प्राध्यापकाला शवविच्छेदन करताना बोटाला जखम झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शरीरात दिसलेली लक्षणे बाळंतज्वरासारखीच होती. सेमेलवाइसला उमज पडली. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिगृहात येतात आणि आपल्या हातांनीच मृत्यू घेऊन येतात. त्याने मे महिन्यापासून क्लोरिनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठराहून अधिक असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे दोनवर आला. १८४८ सालातील दोन महिने तर असे गेले की त्या विभागात बाळंतज्वराने एकही माता दगावली नाही.

एवढे लखलखीत सत्य हाती असूनही पुढे काय झाले? सेमेलवाइसने आपले निष्कर्ष वेळीच व्यवस्थित लिहून काढले नाहीत. प्रथम ते इतरांच्या लेखणीतून बाहेर आले आणि त्यात गैरसमज शिरले. त्याचे स्वतःचे पुस्तक निघाले ते १८६१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी. तोवर तो कडवट झाला होता. पुढे न ऐकणाऱ्या डॉक्टरांना तो उघड पत्रांतून खुनी म्हणू लागला. ज्यांनी आपले हात धुवावेत अशी त्याची इच्छा होती, ते त्याच्यापासून दूर गेले. १८६५ साली एका वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा करुण अंत झाला. त्या मधल्या वर्षांत युरोपातील प्रसूतिगृहांत किती मातांचे प्राण नाहक गेले असतील, याची कल्पनाही असह्य होते.

याच काळातील दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली सैनिकांच्या मृत्यूंचे एक रंगीत वर्तुळाकार चित्र प्रसिद्ध केले. शत्रूच्या गोळीने मेलेले थोडे आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले कितीतरी अधिक, ही गोष्ट त्या चित्राकडे नजर टाकताच कळत असे. आकड्यांचे रकाने जे मंत्री आणि अधिकारी वाचणार नाहीत, त्यांना ते चित्र पाहावे लागले. लष्करी आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

दोघांच्याही हाती सत्य होते आणि दोघांपाशी आकडे होते. एकाचे सत्य भांडणात अडकले, दुसरीचे डोळ्यांत शिरले. कथाफलकाचे सारे मर्म या दोन उदाहरणांत सामावले आहे.

फलकाचा प्रवास

‘स्टोरीबोर्ड’ हा शब्द मूळचा वैद्यकाचा नव्हे, तो चित्रपटाचा. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत प्रसंगांची छोटी रेखाचित्रे क्रमाने फळ्यावर टाचणीने लावण्याची पद्धत रूढ झाली. १९३३ चा ‘थ्री लिटल पिग्ज’ हा लघुपट संपूर्णपणे अशा फलकावरून बेतला गेला असे मानतात. फळ्यासमोर उभे राहून दहा माणसे एकच गोष्ट पाहू शकत, एखादे चित्र काढून दुसरे लावू शकत आणि गोष्ट कोठे अडते हे सर्वांना एकाच वेळी दिसे.

जपानमध्ये याच स्वरूपाची कल्पना वेगळ्या वाटेने उगवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे हलका माल, अशी जगभर समजूत होती. ती पुसून टाकण्यासाठी तेथील उद्योगांनी कंबर कसली. १९६२ पासून प्राध्यापक काओरु इशिकावा यांच्या प्रेरणेने कारखान्यांत कामगारांची छोटी गुणवत्ता मंडळे स्थापन होऊ लागली. यंत्रावर काम करणाऱ्या आठ-दहा जणांनी एकत्र बसायचे, आपल्याच कामातील एक दोष निवडायचा आणि तो मुळापासून दूर करायचा. कोमात्सु या कंपनीत अशा मंडळांचे अहवाल ठराविक क्रमाने मांडण्याची रीत पडली. तिला ‘क्यूसी स्टोरी’ म्हणजे गुणवत्तेची गोष्ट असे नाव मिळाले. आरंभी ती केवळ अहवाल सादर करण्याची रीत होती. पुढे ध्यानात आले की ज्या क्रमाने गोष्ट सांगायची आहे त्याच क्रमाने विचार केला, तर विचारही नेटका होतो.

अमेरिकेतील फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीने ही रीत आत्मसात केली आणि १९८९ साली जपानबाहेरची पहिली कंपनी म्हणून मानाचे डेमिंग पारितोषिक मिळविले. वैद्यकातील प्रवेशही त्याच सुमारास झाला. १९८७ साली डॉ. डोनाल्ड बर्विक आणि ब्लँटन गॉडफ्रे यांच्या पुढाकाराने अमेरिकेत एक प्रयोग झाला. एकवीस आरोग्यसंस्थांना उद्योगक्षेत्रातील गुणवत्तातज्ज्ञांची जोड देण्यात आली आणि कारखान्यातील साधने रुग्णालयात चालतात काय हे पाहण्यात आले. ती चालतात असे दिसून आले. डॉ. पॉल बटाल्डन यांनी एका मोठ्या रुग्णालय-समूहात सुधारणेची क्रमबद्ध पद्धत रुजविली. १९९१ साली बर्विक प्रभृतींनी आरोग्यसेवा सुधारणेसाठी एक संस्था स्थापन केली. तिच्या वार्षिक संमेलनात ठिकठिकाणच्या रुग्णालयांचे कथाफलक ओळीने मांडलेले असतात आणि एका गावच्या परिचारिका दुसऱ्या गावच्या फलकासमोर वही उघडून उभ्या राहतात.

फलकावर काय असते?

या ठिकाणी एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास विषय स्पष्ट होईल. समजा, एका रुग्णालयाच्या प्रसूतिगृहातून नवजात अर्भक विभागात येणारी अनेक बाळे अंगाने गार पडलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. गारठलेले बाळ दूध नीट ओढत नाही, त्याची साखर उतरते आणि अशक्त बाळाच्या प्राणावर बेतू शकते. हा दोष दूर करण्यासाठी कोणते महागडे यंत्र लागत नाही, परंतु अनेक हातांचा मेळ लागतो.

फलकाच्या पहिल्या चौकटीत संघाची नावे येतात. त्यात केवळ डॉक्टर नसतात. प्रसूतिगृहाच्या सिस्टर, बाळ उचलून नेणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय, अशी प्रत्यक्ष काम करणारी मंडळी असतात. दुसऱ्या चौकटीत उद्दिष्ट असते आणि ते मोघम चालत नाही. ‘बाळांची अधिक काळजी घेऊ’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आज दहांपैकी सहा बाळे गार येतात, ती आठ आठवड्यांत दहांपैकी दोनवर आणू’ हे उद्दिष्ट होय. किती, कोणाचे आणि केव्हापर्यंत, या तिन्हींचा त्यात उल्लेख हवा.

तिसऱ्या चौकटीत कामाचा प्रत्यक्ष प्रवाह रेखाटलेला असतो. बाळ जन्मते, पुसले जाते, वजन होते, टिकली-पट्टी बांधली जाते, मग नेले जाते. हा नकाशा काढताना प्रत्येक वेळी एक गंमत घडते. डॉक्टरांना वाटत असते की काम असे चालते. सिस्टर सांगतात की दिवसा तसे चालते, रात्री तसे चालत नाही. आणि मावशी सांगतात की प्रत्यक्षात तिसरेच काहीतरी घडते. एकाच खोलीत वर्षानुवर्षे काम करणारी माणसे आपले काम प्रथमच एकत्र पाहत असतात.

चौथ्या चौकटीत कारणांचा शोध असतो. त्यासाठी इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात. डोक्याच्या जागी दोष आणि काट्यांवर कारणे : माणसे, साहित्य, पद्धत, जागा. पंखा खाटेवर थेट वारा सोडतो. बाळ ओल्या कापडातच गुंडाळले जाते. वॉर्मर प्रसूतीनंतर सुरू केला जातो, आधी नव्हे. थर्मामीटर कपाटात आहे आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे आहे त्या सिस्टर दुसऱ्या मजल्यावर आहेत. या यादीत कोणाच्याही नावाचा उल्लेख नसतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘अमुक सिस्टर निष्काळजी आहेत’ असे कारण फलकावर लिहिता येत नाही. चावी दुसऱ्या मजल्यावर असेल तर जगातील सर्वांत दक्ष सिस्टरसुद्धा तापमान घेऊ शकणार नाही.

पाचव्या चौकटीत प्रयोग असतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट आणि त्यांचे अनुयायी एडवर्ड्स डेमिंग यांच्या विचारांतून एक चक्र रूढ झाले आहे : योजना करा, करून पाहा, अभ्यासा, मग अंमलात आणा. प्रयोग आरंभी लहान ठेवायचा. एक पाळी, एक सिस्टर, एक दिवस. समजा, ठरले की दोन सुकी दुपटी वॉर्मरखाली आधीच ऊबदार करून ठेवायची आणि बाळ पुसून लगेच आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवायचे. पहिल्या दिवशी साधले. तिसऱ्या रात्री फसले, कारण धुतलेली दुपटी संपली होती. येथेच फलकाची खरी किंमत कळते. अपयश लपविले जात नाही. त्याच्या शेजारी लिहिले जाते : ‘धुलाई विभागातील कर्मचाऱ्यास संघात घेतले, संध्याकाळी दुपट्यांचा वेगळा गठ्ठा येऊ लागला.’ ज्याने बाळ कधी पाहिलेही नाही, तो धुलाई करणारा माणूस बाळाच्या प्राणरक्षणात सामील होतो.

सहाव्या चौकटीत आलेख असतो. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर गार बाळांचे प्रमाण आणि कोणता बदल कोणत्या आठवड्यात केला याच्या खुणा. आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी, असे दोनच आकडे देणे पुरेसे नसते. दुकानाचा गल्ला एका दिवशी वर जातो, दुसऱ्या दिवशी खाली येतो. त्यावरून धंदा वाढला असे कोणी म्हणत नाही. तसेच येथेही आहे. या आलेखाच्या जाणकारांचा एक सोपा नियम आहे : सलग सहा किंवा अधिक बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर तो योगायोग न मानता खरा बदल मानावा. शेवटच्या चौकटीत काय शिकलो आणि हे टिकविण्यासाठी काय करणार, याची नोंद असते.

व्यापारी परंपरेतील मंडळींना हे सारे ओळखीचे वाटेल. रोजमेळ रोज लिहिला जातो, खतावणी होते, तेरीज जुळविली जाते आणि न जुळल्यास रात्री जागून चूक शोधली जाते. चूक सापडली म्हणून मुनीमजींना कोणी घरी पाठवीत नाही. उलट ती लपविली तर विश्वास उडतो. रुग्णालयातील फलक म्हणजे सेवेचा रोजमेळच होय. फरक इतकाच की तो गादीखाली न ठेवता भिंतीवर ठेवलेला असतो.

मिशिगनचा धडा

आता एका प्रत्यक्ष घटनेकडे वळावे. अतिदक्षता विभागातील रुग्णांना हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून औषधे द्यावी लागतात. त्या नळीवाटे जंतू रक्तात शिरले की रुग्ण मूळ आजारातून वाचूनही या संसर्गाने दगावू शकतो. पुष्कळ वर्षे डॉक्टरांची समजूत अशी होती की असा संसर्ग काही प्रमाणात अटळच आहे.

जॉन्स हॉपकिन्स येथील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी ही समजूत मान्य केली नाही. त्यांनी सर्वज्ञात गोष्टींतून केवळ पाच निवडल्या : हात धुणे, नळी घालताना रुग्णास निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे व स्वतः टोपी, मुखपट्टी, अंगरखा वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. यात नवे ज्ञान काहीच नव्हते. पाचही गोष्टी पाठ्यपुस्तकात होत्या, परंतु त्या प्रत्येक वेळी घडत नव्हत्या.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात या पाच गोष्टी नेण्याचे ठरले. १०८ अतिदक्षता विभाग त्यात सहभागी झाले आणि त्यांपैकी १०३ विभागांनी आकडे पुरविले. प्रत्येक विभागात किमान एक डॉक्टर आणि एक परिचारिका असे नेतृत्व नेमले गेले. लागणारे सर्व साहित्य एकाच गाड्यावर ठेवण्यात आले, कारण अनेक ठिकाणांहून वस्तू गोळा करताना एखादी राहून जाते आणि घाईत काम उरकले जाते. परिचारिकेस अधिकार देण्यात आला की डॉक्टरने एखादी पायरी गाळल्यास तिने तेथेच काम थांबवावे. आणि प्रत्येक विभागाला त्याच्या संसर्गाचे आकडे नियमितपणे परत दाखविण्यात आले.

२००६ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यांक आरंभी २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. सरासरी ७.७ होती, ती सोळा ते अठरा महिन्यांनी १.४ वर आली. जे अटळ मानले गेले होते, ते टळले.

या यशाचे श्रेय एका कागदी यादीला देण्याचा मोह होतो, परंतु तो टाळला पाहिजे. कनिष्ठ मानल्या गेलेल्या परिचारिकेने ज्येष्ठ डॉक्टरला ‘थांबा’ म्हणणे आणि डॉक्टरने थांबणे, हा खरा बदल होता. हा बदल आज्ञेने घडत नाही. सर्वांनी मिळून तेच आकडे, तीच कारणे, तोच आलेख पाहिलेला असेल तेव्हाच ‘थांबा’ हा शब्द अपमान न वाटता मदत वाटतो.

भारतातील वाटचाल

भारतातही हा विचार नवा नाही. १९८० साली हैदराबादजवळील भेल या सार्वजनिक उद्योगात गुणवत्ता मंडळांची सुरुवात झाली आणि ती पुढे देशभर पसरली. रुग्णालयांच्या बाबतीत मात्र वेग अलीकडे आला. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जी यादी तयार केली, तिची चाचणी जगातील आठ शहरांत झाली आणि त्यांत नवी दिल्ली हे एक होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे नमूद आहे.

२०१३ साली सरकारी आरोग्यसंस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली. २०१५ साली स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना सुरू झाली आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठी ‘लक्ष्य’ हा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयेही या योजनांच्या कक्षेत येतात. दिल्लीच्या एम्स संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने एक सुटसुटीत प्रशिक्षण तयार केले आहे. त्याच्या चारच पायऱ्या आहेत : समस्या निवडून संघ बनविणे व उद्दिष्ट लिहिणे, समस्येचे विश्लेषण व मोजमाप करणे, बदल सुचवून करून पाहणे, आणि सुधारणा टिकविणे. रुग्णाच्या खाटेजवळ प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीच ही पावले उचलावीत, हा त्यामागील विचार आहे. अधिक पैसा वा अधिक माणसे मिळेपर्यंत थांबू नये. आहे त्यात काय साधता येईल ते आधी पाहावे, अशी त्याची शिकवण आहे.

फलक आणि शोभा

प्रत्येक चांगल्या साधनाला एक पळवाट असते. कथाफलकाचीही आहे. पाहुणे येणार म्हणून रंगीत कागद चिकटवायचे, जुने आलेख नव्या तारखेने लावायचे आणि पाहुणे गेले की फलकावर धूळ बसू द्यायची, असे घडू शकते. याचा पुरावाही उपलब्ध आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात शस्त्रक्रियेची तीच सुरक्षा यादी वापरणे रुग्णालयांना बंधनकारक केले गेले. २०१४ साली १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. कागदावर खुणा झाल्या, पण कामाची रीत बदलली की नाही हे खुणांवरून कळत नव्हते. साधन तेच, एकीकडे प्राण वाचले, दुसरीकडे रकाने भरले.

म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे की फलक ज्यांचे काम आहे त्यांनीच लिहावा. कार्यालयात बसून टंकलिखित करून आणलेला फलक कोणी वाचत नाही. दुसरे पथ्य रुग्णाच्या प्रतिष्ठेचे. कोणत्याही रुग्णाचे नाव, छायाचित्र वा ओळख पटेल असा तपशील फलकावर येता कामा नये. तिसरे पथ्य असे की आकडे चांगले आल्यावरच फलक लावायचा, असे करू नये. चौथे पथ्य सर्वांत कठीण आहे. फलकावरील आकड्यांचा उपयोग शिक्षेसाठी करू नये. ज्या दिवशी एखाद्या सिस्टरची पगारवाढ फलकावरील बिंदूमुळे अडेल, त्या दिवसापासून सर्व बाळांची तापमाने कागदावर अगदी योग्य येऊ लागतील आणि बाळे पूर्वीसारखीच गार राहतील.

याचा अर्थ जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला क्षमा करावी असा नव्हे. तिच्यासाठी नियम आणि कायदा आहेत. परंतु दैनंदिन कामातील बहुसंख्य चुका चांगल्या माणसांच्या हातून, सदोष व्यवस्थेमुळे घडतात. व्यवस्था जशीच्या तशी ठेवून माणूस तेवढा बदलला, तर तीच चूक नव्या माणसाच्या हातून पुन्हा घडते.

समारोप

बंधू-भगिनींनो, धर्मादाय दवाखाने आणि रुग्णालये चालविणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांपुढे वर्षाअखेरीस जमाखर्च येतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती औषधे मोफत दिली, याचे आकडे येतात. ते आवश्यकच आहेत. परंतु ते सेवा किती झाली हे सांगतात. सेवा कशी झाली हे सांगत नाहीत. देणगीदाराचा पैसा योग्य ठिकाणी पोहोचला का, याचे खरे उत्तर पावतीपुस्तकात मिळत नाही. ते खाटेवरील रुग्णाच्या प्रकृतीत मिळते.

विश्वस्त, देणगीदार वा हितचिंतक म्हणून कोणी एखाद्या रुग्णालयास भेट देईल, तेव्हा नव्या इमारतीची पाहणी झाल्यावर त्याने आणखी थोडा वेळ काढावा. एखाद्या विभागातील सिस्टरला आदराने विचारावे : ‘या वर्षी आपण सर्वांनी मिळून कोणती एक गोष्ट सुधारली? ती मोजली कशी?’ उत्तर मिळाले आणि भिंतीवर फलक दिसला, तर उभे राहून तो पूर्ण वाचावा, आणि विशेषतः फसलेल्या प्रयत्नाची चौकट वाचावी. ती वाचून कोणी रागावले नाही, एवढे जरी त्या सिस्टरच्या ध्यानात आले, तरी पुढचा फलक अधिक खरा लिहिला जाईल.

व्हिएन्नाच्या त्या तरुण डॉक्टरच्या हाती १८४७ साली औषध होते, आकडे होते, कळकळही होती. त्याला मिळाला नाही तो एक संघ, आणि सर्वांनी मिळून पाहावी अशी एक भिंत. आज प्रत्येक रुग्णालयात भिंती भरपूर आहेत. त्यांपैकी एका भिंतीचा काही भाग खऱ्या हिशेबासाठी मोकळा ठेवावा, इतकीच विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण करणे योग्य होईल.